चवीचं माप

३ मार्च, मंगळवार

आमच्या घरात स्वयंपाक बंद झाला आहे. चहा होतो, दूध तापतं, त्यापुढे काही नाही. ही डायरी दोऱ्याच्या व्यापाऱ्याने भेट दिलेली, कपाटात कोरीच पडली होती. आसपास स्वस्तात बरं जेवण कुठे मिळतं ते टिपून ठेवायला उपयोगी पडेल म्हणून आज काढली.

झालं ते असं. रविवारी माझी ताई जेवायला आली होती. पहिल्याच घासाला तिला ठसका लागला. रस्सा असा खारट की जीभ आत ओढली गेली. मी मात्र माझा घास गिळून टाकला होता. वडिलांची शिस्तच तशी होती: ताटावर बसून अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि वाखाणायचंही नाही. जेवायचं, हात धुवायचे आणि उठायचं. लग्नाला तीसेक वर्षं झाली, मी हिच्या हातच्या जेवणाबद्दल एक शब्द वाईट बोललेलो नाही. पण ताई पेल्यामागून पेला पाणी प्यायला लागली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आज मीठ दोनदा पडलेलं दिसतंय."

हिने माझ्याकडे पाहिलं. मग चमच्याने रस्सा चाखला आणि नुसतीच बसून राहिली. ताई गेल्यावर भांडी घासली, हात पुसले आणि म्हणाली, "उद्यापासून मी काही करणार नाही. बाहेर बघा."

आता काय म्हणावं? एवढ्याशा बोलण्याने नाकाला मिरच्या झोंबायचं काही कारण होतं का? गेल्या महिन्यात तापाने आठवडाभर अंथरुणावर होती, अंगात शक्ती नाही, त्यामुळे चिडचिड होत असेल म्हणून काल गप्प बसलो. आजही तेच. दोन्ही वेळा पाव आणि चहा.

५ मार्च, गुरुवार

राग दोन दिवसांत उतरेल असं वाटलं होतं. उलट आज हिने दूध करपवलं. मी पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या शिवणकामाच्या दुकानात, मशीनवर होतो. तिथवर वास आला. आत जाऊन पाहतो तर ही गॅसकडे पाठ करून दोन हातांच्या अंतरावर कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि पातेलं काळंठिक्कर! मी म्हटलं, "माझ्यावर राग आहे ना? मग दुधावर कशाला काढतेस?" तिने पातेलं उचलून नळाखाली धरलं. उलट उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं. हिचं गप्प राहणं मला सोसत नाही.

ठरवलं, हिला रोज दुपारी बाहेर जेवायला न्यायचं. राग घालवायचा तर थोडी झळ सोसली पाहिजे. अर्थात झळ बेताचीच हवी. हल्ली नवं शिवायला येतं कोण? लोक तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे सैल करायला नाही तर आवळायला आणतात.

हे लिहितानाच डोक्यात एक गोष्ट आली. ज्यांच्या कमरा मी दरवर्षी सैल करतो, ते कुठेतरी चांगलं जेवतच असणार की!

७ मार्च, शनिवार

बसचा ड्रायव्हर पॅन्ट घ्यायला आला. याची कंबर मी इतक्या वेळा सैल केली आहे की शिवणीत आता कापडच उरलेलं नाही. विचारलं, "तुम्ही दुपारचं जेवता कुठे?"

"मास्तर, मी जाड झालो म्हणताय का?"

"तसं नाही हो. सहज विचारतोय."

"माप घ्यायची पट्टी गळ्यात घालून कोणी सहज विचारत नसतं," तो म्हणाला, पण पत्ता दिला. बस डेपोच्या मागे एक खाणावळ आहे. भात हवा तितका घ्या, भाजीला नको म्हणू नका, आणि खिशाला चटका नाही.

आजच गेलो. लाकडी बाकं, मोठाली पातेली, ड्रायव्हर-कंडक्टरांची दाटी. वाढणारा माणूस विचारत नाही, सरळ ताटात ओततो. पहिला घास घ्यायच्या आधी हिने मला विचारलं, "कसं आहे?"

मी म्हटलं, "खाऊन बघ की."

तिने खाल्लं. वाढणारा आला तेव्हा त्याला म्हणाली, "छान आहे." तोंडावर मात्र छान असल्याचं काही नव्हतं. चार घास खाल्ले आणि ताट पुढे सरकवलं. उरलेलं मी खाल्लं. टाकून कसं द्यायचं?

टीप: भाव उत्तम. पोट भरतं. हिला पसंत नाही.

१२ मार्च, गुरुवार

शाळेचा शिपाई. गोल गरगरीत माणूस, गणवेशाचं बटण महिन्यातून एकदा तुटतं. त्याने शाळेच्या फाटकासमोरची गाडी सांगितली. भाजलेला पाव, अंडी, तळलेले बटाट्याचे काप. उभ्यानं खायचं.

इथे मजा झाली. हिने कडक भाजलेला पाव मागितला आणि आवडीने खाल्ला. मग गाडीवाल्याला म्हणाली, "आणखी कडक करता येईल?" तो म्हणाला, "बाई, आणखी कडक म्हणजे कोळसा." ही म्हणाली, "चालेल." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी खूण केली, दे म्हटलं. कुरकुर आवाज करत तिने ते काळं प्रकरण संपवलं, आणि वर थंडगार सोडा. हिचं डोहाळे लागण्याचं वय उलटून गेलं, नाही तर मला शंका आली असती.

तरीही सांगतो, फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिला चावताना पाहिलं.

१५ मार्च, रविवार

हिने निळा ड्रेस कंबरेत आवळायला दिला. मीच शिवलेला आहे, म्हणून माप तोंडपाठ होतं. अंगावर टाचण्या लावताना हातात नुसतं कापडच येत होतं. मी म्हटलं, "अगं, राग माझ्यावर, मग उपाशी तू का?"

"मी कुठे रागावलेय?" ती म्हणाली. "भूक लागत नाही."

"माझ्या एका वाक्याने एवढं?"

"तुमच्या वाक्याने काही झालं नाही हो," असं म्हणून डोळे पुसले. म्हणजे त्याच वाक्याने झालं असणार. इतकी वर्षं शब्द जपून ठेवला आणि एकदाच काढला, तोही चुकीचा. आमचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

संध्याकाळी आणखी एक. मी धुवायला टाकलेला शर्ट ही तोंडाशी धरून उभी. म्हटलं, "अगं, दिवसभर घामाने भिजलाय तो."

"हो का?" ती म्हणाली आणि पुन्हा नाकाशी नेला.

मी सिगारेट परत सुरू केली अशी हिला शंका दिसते. शपथेवर सांगतो, नाही केली.

१९ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. "बायकोला रोज हॉटेलात नेतोस म्हणे. लॉटरी लागली का?" मी सांगितलं की तिची समजूत काढतोय. ताई म्हणाली, "तूच मिठाचा खडा टाकलास संसारात, आता तूच काढ." खारट रश्शावर सगळ्यात आधी कोण खोकलं हे ती सोयीस्कर विसरली.

लाँड्रीशेजारच्या बाई घरातच चारपाच माणसांना जेवू घालतात, हे तिथल्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. त्याच्या पोटाकडे पाहून खात्री पटली. भाजी मऊ, भात मऊ, बाईंचा स्वभावही मऊ. हिने पुन्हा आधी मला विचारलं, "कसं आहे?" आणि मी "चांगलं आहे" म्हटल्यावर तिने बाईंना सांगितलं, "चांगलं झालंय हो." माझेच शब्द मला परत! टोमणाच म्हणायचा हा. ताट अर्धं तसंच राहिलं.

२४ मार्च, मंगळवार

आज जे घडलं ते नीट लिहून काढतो, म्हणजे मला तरी कळेल.

पेट्रोल पंपाशेजारी नवी खाणावळ निघाली आहे. हिला बाकावर बसवलं, ताटं सांगितली. तेवढ्यात मागच्या टेबलावर एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. त्याच्याशी कोटाच्या अस्तराचं बोलून परत येतो तर हिने अर्धं ताट संपवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी बसायच्या आधीच म्हटलं, "आवडलं ना?" ती हसून म्हणाली, "आवडलं."

मी घास घेतला आणि तसाच थुंकला. रस्सा नासलेला होता. साधा आंबट नाही, पार फेस आलेला. मी मालकाला हाक मारून भांडायला सुरुवात केली. त्याने चाखलं, कान पकडले, पैसे घेतले नाहीत. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी हिच्याकडे वळून ओरडलो, "आणि तू खात बसलीस? तुला कळलं नाही?"

सगळे बघत होते. ती हळूच म्हणाली, "नाही कळलं."

बाहेर बसथांब्यावर बसलो. बस आली आणि गेली. मग ती बोलली.

"ताप उतरला तेव्हापासून मला वास येत नाही. कशाचाच. आणि चव पण नाही. तोंडात गरम कळतं, गार कळतं, कडक कळतं, मऊ कळतं. बाकी सगळी माती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आधी वाटलं येईल परत. मग ताई आल्या. मी मीठ घातलं की नाही ते आठवेना, चाखून कळेना, म्हणून आणखी घातलं." मग म्हणाली, "मला दुसरं येतं काय हो? स्वयंपाकच येतो. तोही गेला म्हटल्यावर तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?"

मी म्हटलं, "नासकं का खाल्लंस मग? भूक नव्हती तर राहू द्यायचं."

"तुम्ही रोज तोंड एवढंसं करून बसता. म्हटलं, एक दिवस खाऊन दाखवावं."

मला रडू आलं. बसथांब्यावर, लोकांसमोर. दुधाचं, शर्टाचं, कडक पावाचं, सगळं एकदम कळलं. मी आपला तीन आठवडे रुसवा काढत हिंडत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

२६ मार्च, गुरुवार

हिचं पोट बिघडलं होतं, आज बरं आहे. मोठ्या दवाखान्यात नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं. म्हणाले, अशा तापानंतर होतं असं. काहींचं महिन्यांत परत येतं, काहींचं वर्षाने, काहींचं पूर्ण येत नाही. रोज सकाळी लवंग, लिंबू, साबण असलं काहीतरी नाकाशी धरायचं आणि तो वास आठवायचा. वजन मात्र आणखी उतरता कामा नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी येताना मी म्हटलं, उद्या गाडीवर जाऊ, कडक पाव खाऊ. ती म्हणाली, "नको. आता तुम्हाला कळलंय, आता नाटक कशाला? मला नाही जात." दुपारी दूध घेतलं, बस्स.

सांगितल्यावर तिचं ओझं उतरेल असं मला वाटलं होतं. उतरलं, पण खाण्याचं निमित्तही त्याबरोबर गेलं. मला भीती वाटते.

२९ मार्च, रविवार

निळा ड्रेस परत आवळायला आला. मी आवळला नाही. सांगितलं, माझ्याकडे काम फार आहे.

हट्टाने डेपोमागच्या खाणावळीत नेलं. ती ताटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "कसं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे?"

"म्हणजे... चांगलं."

"इतकी वर्षं तुम्ही एवढंही बोलला नाहीत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही उठून गेलात की मी भांड्यात बोट घालून चाटायची. आज कसं झालं ते माझी जीभच मला सांगायची. आता तीही गप्प. एकाने तरी बोला हो."

मी भाजीचा घास तोंडात ठेवला आणि प्रामाणिकपणे शोधायला लागलो. शब्दच सापडेनात. चवीचे शब्द आमच्या घरात कोणी वापरलेच नव्हते. मला शब्द येतात ते माझ्या धंद्यातले. म्हटलं, "मीठ बरोब्बर बसलंय. खांद्यावर खांदा. तिखट जरा मागाहून येतं, कॉलरपाशी टोचल्यासारखं."

ती माझ्याकडे बघायला लागली.

"आणि गोडसर काहीतरी आहे," मी म्हटलं. "दिसत नाही, पण आतून आहे. अस्तरासारखं."

"कांदा," ती म्हणाली. "कांदा भरपूर परतलाय त्याने. मंद आचेवर." आणि घास घेतला. चावत असताना डोळे मिटले. "हां. असा लागत असणार."

"लागला का?" मी ओरडलोच.

"लागला नाही. आठवला." मग दुसरा घास. "रश्शाचं सांगा."

रस्सा मी सैल सांगितला, बाह्या लांब झालेल्या सदऱ्यासारखा. ती हसली आणि म्हणाली, "पाणी जास्त, वाटण कमी." भाताचं विचारलं, मी म्हटलं सुती कापड, नुकतं इस्त्री केलेलं. शेजारचा कंडक्टर जेवायचा थांबून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, माझ्या ताटातलं पण सांगा."

बाहेर पडताना ही म्हणाली, "बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी झाली ही." मी म्हटलं, "असू दे, पण ताट खरंच रिकामं झालं ना?" खरंच झालं होतं.

५ एप्रिल, रविवार

आठवडाभर हेच चाललं आहे. गाडीवर, लाँड्रीशेजारच्या बाईंकडे, पुन्हा डेपोमागे. माझं स्वतःचं जेवण गार होतं, पण जिभेला हळूहळू वळण लागतंय. काल मी आंबटाचे दोन प्रकार ओळखले, लिंबाचं वेगळं आणि टोमॅटोचं वेगळं. ही म्हणाली, "आलात पहिलीत."

एकदा मी म्हटलं, घरी कर ना, मी शेजारी उभा राहतो, चाखून सांगतो. चेहरा उतरला. "नको. लोकांच्या हातचं बिघडलं तर हसता येतं." मी तो विषय सोडला.

सकाळी लवंग नाकाशी धरते तेव्हा मीही समोर बसतो. "काही?" मी विचारतो. "काही नाही," ती म्हणते. मग चहा घेतो.

१० एप्रिल, शुक्रवार

आज पुन्हा दवाखाना झाला. वजन तिथेच आहे. उतरलं नाही, पण चढलंही नाही. डॉक्टर हं हं करत राहिले. तपासणीला उशीर झाला म्हणून तिथल्याच कँटीनमध्ये बसलो. आमच्या भागात याहून स्वस्त जेवण मिळणार नाही, इतकं स्वस्त. वास्तविक डॉक्टरांची कंबर पाहूनच मला समजायला हवं होतं. पट्ट्याला शेवटचं भोक, तरी पॅन्ट घसरते. हा माणूस रोज त्याच कँटीनमध्ये जेवतो.

ताटं आली. भात, उकडलेली भाजी, पिवळं पातळ काहीतरी. मी घास घेतला आणि गप्प झालो. मीठ नाही, तिखट नाही, आंबट नाही, गोड नाही. तेलाचा थेंब नाही. मी पुन्हा चाखलं, कुठेतरी काही असेल म्हणून. काल तिचं खाणं जरा कमी झालं होतं, आणि डॉक्टरांचं हं हं माझ्या कानात होतं. म्हणून सरळ खोटं बोललो. म्हटलं, "वा! मीठ मापात. भाजीला मिऱ्याचा हलका टाका आहे. आणि या पातळाला लसणाची फोडणी, काठाला जरीची पट्टी लावावी तशी."

ती जेवायला लागली नाही. माझ्या ताटाकडे पाहत होती.

"मग घ्या की आणखी," ती म्हणाली. "लसणाची फोडणी असली की तुम्ही तीनदा घेता."

"भूक नाही."

"खोटं बोलताय."

मी मान खाली घातली.

"खरं सांगा. कसं आहे?"

"कसंच नाही," मी म्हटलं. "कशाचीच चव नाही गं. गरम आहे आणि मऊ आहे. बाकी माती."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. इतकं की पलीकडची नर्स वळून पाहायला लागली. तापानंतर पहिल्यांदा ती अशी हसत होती, पदार्थाला नाही, मला नाही, मनापासून. डोळे पुसत म्हणाली, "असंच लागतं मला. रोज. सगळं."

"असं?" मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. ऐकलं होतं, पण माहीत नव्हतं.

"अगदी असं. आज एकदाची तुमची माझी बरोबरी झाली."

मग आम्ही दोघं जेवलो. मी काही सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. एक घास ती, एक घास मी, असं ते बेचव जेवण शेवटच्या शितापर्यंत संपवलं. तिने तर भात मागून घेतला. मी आयुष्यात जेवताना कोणाच्या इतका जवळ बसलो नव्हतो.

जिना उतरताना तिने माझा दंड धरला. म्हणाली, "उद्या घरीच करते काहीतरी."

मी पायरीवरच थांबलो.

"याच्याहून वाईट तर माझ्या हातून होणार नाही," ती म्हणाली. "आणि झालं तर तोंडावर सांगायचं. उठून जायचं नाही."